आविलाचा तट आणि ‘तटाबाहेर’ या शब्दाचा घोळ

स्पेनमधल्या आविला शहराच्या मेर्कादो ग्रांदे चौकातल्या नव्या इमारतीवर जो वाद झाला, तो वरवर पाहता उंचीचा, दगडाचा आणि खिडक्यांच्या ठेवणीचा होता. त्याचं मूळ मात्र 1985 सालच्या एका शब्दात सापडतं. त्या वर्षी हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, ते ‘आविलाचं जुनं शहर आणि तटाबाहेरची चर्चेस’ या नावानं. ‘तटाबाहेर’ला तिकडचा शब्द आहे ‘एक्स्त्रामुरोस’. शहर नेमकं कुठे संपतं, हा प्रश्न या शब्दानं सोडवला असं तेव्हा वाटलं असावं. प्रत्यक्षात तो पुढच्या पंचवीस वर्षांसाठी उघडा राहिला.

मराठीत या शब्दाला ‘गावकुसाबाहेर’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो. तो वापरू नये. आपल्या गावकुसाबाहेर कोणाला ठेवलं आणि का ठेवलं, हे सांगायची गरज नाही. आविलात चित्र जवळजवळ उलटं दिसतं. शहरातल्या सर्वांत देखण्या रोमानेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चेसपैकी सान विसेन्ते आणि सान पेद्रो ही दोन्ही तटाबाहेर आहेत. आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी ज्यूंना वेगळ्या वस्तीत राहण्याची सक्ती झाली, तेव्हा ती वस्ती तटाच्या आत, दक्षिणेकडच्या मालाव्हेन्तुरा वेशीजवळ होती. 1492 मध्ये त्यांना देशच सोडावा लागला. वगळलेले आत आणि पूजनीय बाहेर, अशा या शहरात भिंतीवरून माणसाची किंवा वास्तूची पायरी ठरवता येत नाही.

चर्चेस बाहेर का, याचं उत्तर तटापेक्षा जुनं आहे. रोमन लोक मृतांना वस्तीबाहेर पुरत. शहराच्या पूर्वेला त्यांची दफनभूमी होती, आणि तिथले कोरीव दगड आज पूर्वेकडच्या तटातच बसवलेले दिसतात. ज्या तीन भावंडांच्या हौतात्म्याच्या जागी सान विसेन्ते उभं आहे असं मानतात, ती जागाही साहजिकच बाहेरची. म्हणजे या चर्चची जागा तटानं ठरवलेली नाही. तट नंतर आला आणि ती जागा ‘बाहेर’ झाली.

तटाची पारंपरिक तारीख 1090 ते 1099 सांगतात. 1085 मध्ये कास्तील या मध्ययुगीन स्पॅनिश राज्याच्या राजानं तोलेदो शहर घेतलं, त्यामागचा मुलूख पुन्हा वसवायचं काम जावयाकडे दिलं, आणि त्यानं नऊ वर्षांत तट उभारला, अशी ती कथा. आजचे अभ्यासक हे काम बाराव्या शतकात बरंच पुढे चालल्याचं मानतात, आणि ते पटतं: सुमारे अडीच किलोमीटरचा घेर, तीन मीटर जाडी आणि सरासरी बारा मीटर उंची नऊ वर्षांत उरकणं अवघडच. बुरुजांच्या आकड्यावरही एकमत नाही. शहर 87 किंवा 88 सांगतं, जागतिक यादीतल्या वर्णनात 82 अर्धवर्तुळाकार बुरूज आहेत. वेशी नऊ, यावर मात्र सगळे सहमत.

या वादासाठी महत्त्वाची आहे ती पूर्वेची बाजू. पश्चिमेला जमीन आदाखा नदीकडे उतरते, दक्षिणेलाही चढ आहे. पूर्वेला मात्र सपाटी, म्हणून शत्रूची वाट तीच. तिथेच तट सर्वांत भक्कम आहे, अल्कासार आणि सान विसेन्ते या दोन सर्वांत भव्य वेशी तिथेच आहेत, आणि कॅथीड्रलची गर्भगृहाकडची गोल बाजू तिथेच बुरुजासारखी तटात घुसवलेली आहे. सपाट जमीन व्यापाऱ्यालाही सोयीची. त्यामुळे अल्कासार वेशीसमोर मोठा बाजार भरू लागला, तोच मेर्कादो ग्रांदे. आतला चौक मेर्कादो चिको, म्हणजे धाकटा बाजार. थोरला बाजार बाहेर आणि धाकटा आत, ही नावंच पुरेसं सांगतात. थोरल्या बाजाराच्या एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला सान पेद्रो, आणि मध्ये मोकळी जागा. ही मोकळी जागा लक्षात ठेवावी.

सोळाव्या शतकात याच शहरात जन्मलेल्या तेरेसा या संत स्त्रीमुळे आविलाचं नाव जगभर गेलं. तिचं बहुतेक आयुष्यही तटाबाहेरच्या मठांत गेलं: आधी ला एनकार्नासिऑन, मग 1562 मध्ये तिनं स्वतः स्थापलेलं सान खोसे. कॅथलिक राजदंपतीनं, म्हणजे इसाबेल आणि फेर्नान्दो यांनी, आपल्या तरुण मुलाला पुरलं तो सान्तो तोमासचा मठही बाहेरच. नंतर शहर ओसरत गेलं.

ओसरलं म्हणूनच तट वाचला, असं म्हणावं लागेल. एकोणिसाव्या शतकात बार्सेलोनानं 1854 पासून आणि वालेन्सियानं 1865 पासून आपले तट पाडायला घेतले, कारण आत माणसं मावेनाशी झाली होती. आविलाच्या सुमारे 33 हेक्टरच्या कोटात जागा शिल्लक होती. 1863 मध्ये रेल्वे आली, तीही पूर्वेलाच, तटापासून बऱ्याच अंतरावर. पुढची वाढ स्टेशन आणि वेस यांच्यामध्ये झाली. राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आधी सान विसेन्तेला मिळाला, 1882 मध्ये, आणि तटाला 1884 मध्ये. बाहेरचं चर्च आतल्या-बाहेरच्या रेषेच्या आधी संरक्षित झालं, हा क्रम फारसं कोणी सांगत नाही. तटाला लागून असलेला अल्कासार, म्हणजे शहराचा किल्ला, मात्र विसाव्या शतकात पाडला गेला. वेशीला त्याचं नाव तेवढं उरलं.

1985 च्या नोंदीत कोटाच्या आतलं सगळं शहर घेतलं गेलं, आणि बाहेरची चार चर्चेस: सान विसेन्ते, सान पेद्रो, सान आंद्रेस आणि नदीकाठचं सान सेगुंदो. आतलं शहर सलग क्षेत्र म्हणून आलं, बाहेरची चर्चेस एकेकटी. त्यांच्यामधली जमीन यादीत आली नाही. म्हणजे मेर्कादो ग्रांदेची एक कड वारसा, समोरची कड वारसा, आणि मधला चौक नुसता चौक. बाजारामुळे चर्च आणि वेस एकमेकांना बांधलेली होती. तो धागाच नोंदीतून सुटला.

या शतकाच्या सुरुवातीला नेमकं याच चौकात काम निघालं. एका बाजूची जुनी घरं पाडली गेली आणि तिथे दुकानं, कार्यालयं आणि घरं असलेली एक सलग नवी इमारत आली. खाली वाहनतळ झाला. रचनाकार साधा नव्हता, वास्तुरचनेतलं सर्वोच्च समजलं जाणारं पारितोषिक त्याला मिळालेलं होतं, आणि पालिकेची बाजू त्यावरच उभी होती. पाडलेली घरं फार जुनी नव्हती, चौक गाड्यांनी भरून जायचा, शहर जिवंत राहायचं तर त्यानं आजचं काही बांधलंच पाहिजे, असं समर्थक म्हणत. यात तथ्य आहे. विरोधकांचा आक्षेप आकारमानावर होता. आधीची घरं लहान लहान, वेगवेगळ्या रुंदीची होती. नवी इमारत एकाच मापाच्या खिडक्यांची, सलग आणि वजनदार. तिच्यामुळे समोरच्या दगडी वेशीचं मोठेपण उणावतं, असं त्यांचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय पातळीवर चिंता व्यक्त झाली, आणि यादीतून नाव जाईल अशी भीती शहरात बोलली जाऊ लागली.

पालिकेला बचावाचा सगळ्यात सोपा मुद्दा त्या 1985 च्या शब्दानंच पुरवला होता: काम एक्स्त्रामुरोस आहे आणि चर्चलाही हात लागलेला नाही. नकाशावर हे खरं होतं. पण बाहेरची चर्चेस मौल्यवान ठरवायची आणि ती ज्या बाजारामुळे, रस्त्यामुळे, दफनभूमीमुळे तिथे आहेत ती जमीन मोकळी सोडायची, ही चूक बांधणाऱ्यांच्या कितीतरी आधीची आहे. इमारतीला दोष देणारे लेख भरपूर आहेत, नोंदीच्या आखणीला दोष देणारे क्वचित.

नाव यादीतून गेलं नाही. इमारतही पाडली गेली नाही. 2007 मध्ये नोंद वाढवण्यात आली आणि तटाबाहेरची आणखी चर्चेस व मठ तिच्यात आले. ज्या मठांत त्या संत स्त्रीचं आयुष्य गेलं, ते बावीस वर्षं यादीबाहेर होते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. 2012 मध्ये ला एनकार्नासिऑनजवळ जमिनीखाली मध्ययुगीन ज्यू दफनभूमी सापडली आणि पुढच्या वर्षी तिथे स्मृतिउद्यान झालं. तीही तटाबाहेरच, दोन वारसास्थळांच्या मधल्या जमिनीत.