पक्षाघातानंतरचे रोबोटिक हस्तमापन

पक्षाघाताने लुळा पडलेला हात कितपत सावरला हे रोबोटच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत. रुग्ण खुर्चीत बसून यंत्राची मूठ धरतो, किंवा त्याचा दंड आणि कोपराखालचा हात यंत्राच्या आधारात बांधतात. पडद्यावर ठिपका उमटला की हात तिथे न्यायचा. तेवढ्या वेळात यंत्रातले संवेदक सेकंदाला शेकडो वेळा हाताची जागा टिपतात. हाताचे वजन यंत्र पेलत असल्यामुळे, ज्याला हात अधांतरी धरता येत नाही अशा रुग्णाची जेमतेम हालचालही नोंदीत येते.

नेहमीची तपासणी फिजिओथेरपिस्टच्या नजरेवर चालते. १९७५ सालची फ्युगल-मेयर मोजपट्टी आजही सर्वांत रुळलेली. हातासाठी तिच्यात ३३ बाबी आहेत. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ६६. हालचाल अर्धवट जमली की १. पण अर्धवट म्हणजे पाव की पाऊण, हे त्या आकड्यातून कळत नाही. महिनाभर व्यायाम करूनही गुण तेवढेच राहिले की घरचे लोक खचतात, आणि कधीकधी हात प्रत्यक्षात सुधारलेला असतो.

यंत्र नेमके तेच पकडते. निरोगी हात ठिपक्याकडे जाताना वेग एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. पक्षाघातानंतर तीच हालचाल तुकड्यातुकड्यांनी होते आणि वेगाच्या आलेखावर अनेक उंचवटे दिसतात. हात सुधारत गेला की ते एकमेकांत मिसळू लागतात. याखेरीज ठिपका दिसल्यापासून हात हलू लागेपर्यंत गेलेला वेळ, सुरुवातीची दिशा किती चुकली आणि वाट किती वाकडी झाली, हेही मोजतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्ज यांच्या गटाने विकसित केलेला ‘एमआयटी-मॅनस’ आणि कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्कॉट यांनी विकसित केलेला ‘किनआर्म’ ही या क्षेत्रातली ठळक यंत्रे. किनआर्ममध्ये रुग्णाचे आकडे त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट म्हणजे दुसऱ्या बाजूचा, ‘चांगला’ समजला जाणारा हातही बऱ्याचदा पूर्ण निर्दोष नसतो.

सोलापुरात हातावर पोट असणे शब्दशः खरे आहे. विडी वळणारी बाई तेंदूचे पान कात्रीने कापते, चिमटीत तंबाखू घेऊन गुंडाळी करते, दोरा बांधते, आणि मजुरी दर हजारी विड्यांवर मिळते. यंत्रमागावरच्या कामगाराला कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा. अशा हातांसाठी ताकदीइतकेच महत्त्वाचे असते स्थितीचे भान, म्हणजे न पाहता आपला हात कुठे आहे हे कळणे. ताकद परत आलेली असते, तरी नजर हटली की पान निसटते. साध्या तपासणीत रुग्णाला डोळे मिटायला सांगून अंगठा वरखाली करतात आणि कुठल्या दिशेला हलवला ते विचारतात. यंत्र अधूपणा आलेला हात एका जागी नेऊन ठेवते आणि रुग्णाने न पाहता दुसऱ्या हाताने तीच जागा आरशातल्यासारखी दाखवायची असते; चूक सेंटिमीटरमध्ये मिळते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात आणखी एक सोय म्हणजे ठिपका पाहून करायच्या चाचण्यांना फारशा तोंडी सूचना लागत नाहीत. वाचा गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती अधिकच जाणवावी.

उणिवाही ठळक आहेत. अनेक यंत्रे खांदा-कोपर मोजतात, बोटांसाठी वेगळे साधन लागते. विडीचे सारे काम तर चिमटीचे. यंत्राची फक्त मूठ धरलेली असेल, तर रुग्ण पाठ पुढे झुकवूनही ठिपका गाठू शकतो आणि आकडे फसवे येतात. म्हणून छातीला पट्टा बांधतात. ठिपके गाठण्यात प्रगती झाली म्हणजे विड्या वळता येतील असेही नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वस्तू उचलण्या-ठेवण्याची चाचणी सोबत हवीच.

मापन आणि उपचार यांची गल्लत मात्र टाळावी. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील रॅटल्स चाचणीत ७७० रुग्ण होते. रोबोटवर सराव केलेल्यांच्या हाताचे कार्य नेहमीची सेवा घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले नाही. हा निकाल सरावाबद्दलचा आहे. मोजण्याचे साधन म्हणून रोबोटची किंमत त्याने कमी होत नाही. जाहिरातींत दोन्ही एकत्र गुंडाळलेले असतात, एवढे रुग्णाच्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे.

भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून ‘प्लूटो’ हे छोटे यंत्र तयार केले. त्यात मोटर एकच; मुठी बदलून मनगटाच्या आणि पंजाच्या वेगवेगळ्या हालचाली त्यावर करता येतात. वेल्लोरच्याच शिवकुमार बालसुब्रमण्यन यांनी सहकाऱ्यांसह हालचालीचा सलगपणा मोजण्याची ‘स्पेक्ट्रल आर्क लेंग्थ’ ही रीत मांडली, ती जगभर वापरली जाते. खोलीभर जागा घेणाऱ्या किनआर्मपेक्षा टेबलावर मावणारी अशी साधने जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्याला अधिक परवडतील.