पार्श्वभूमी : दुसऱ्याच्या स्क्रीनवर डोकावणं

मोबाइलवरच्या मारामारीच्या खेळात, खेळ बनवणारे डेव्हलपर (आमच्या भाषेत 'डेव्ह') आणि आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणारे स्ट्रीमर एकाच सामन्यात, म्हणजे 'रूम'मध्ये, उतरले की नाशिकच्या खेळाडूंच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज पडतात. एक, 'डेव्हला नॉक केलं भाऊ', म्हणजे गोळी घालून पाडलं, स्क्रीनशॉटसकट. दुसरा, 'सगळी नुरा कुस्ती आहे'. पहिल्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्यामागे मात्र बराच जुना संशय आहे.

फार मागे जायचं तर ऑगस्ट १९९७. 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी चालू होती आणि मुख्य निर्माता राजाचं पात्र घेऊन प्रजेसमोर उभा होता. या राजाला मरण येऊ नये अशी सोय करून ठेवलेली. पण सर्व्हर कोसळला, पुन्हा सुरू झाला आणि ती सोय चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एकाने आगीचा मंत्र टाकला, राजा गेला. मारणाऱ्याला पुढे चाचणीतून काढलं. कारण त्याच्या आधीच्या तक्रारींचं दिलं गेलं. ज्याला पटायचं त्याला पटलं.

दहा वर्षांनी उलटं प्रकरण घडलं. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडच्या कंपनीच्या अंतराळयुद्धाच्या खेळात एक डेव्हलपर साध्या खेळाडूच्या वेशात एका बलाढ्य गटात खेळत होता आणि त्या गटाला त्याने जहाजांचे दुर्मिळ आराखडे पुरवले होते. २००७ मध्ये ते उघड झालं. २००८ मध्ये खेळाडूंमधून निवडून आलेली एक परिषद नेमावी लागली. डेव्ह मैदानात आला की 'याच्या हातात आणखी काय आहे?' हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

नाशिकला हे कळायला आइसलँडपर्यंत जायची गरज नव्हती. २००४-०५ च्या सुमारास कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या कॅफेत आम्ही काउंटर स्ट्राइक १.६ हा दोन टीमच्या गोळीबाराचा खेळ खेळायचो, तेव्हा आमचा 'डेव्ह' काउंटरवरच बसलेला असायचा. कॅफेचा दादा स्वतः एका टीमकडून खेळायचा, सर्व्हर त्याच्याच मशीनवर. हरायला लागला की मॅप बदलायचा, फार बोललं की किक, म्हणजे खेळातून बाहेर. आणि सलग दोनदा त्याला चाकूने मारलं तर तुमचा तास पंचावन्न मिनिटांतच संपायचा! त्यात लोडशेडिंग. यूपीएस टूंटूं करायला लागला की जो पुढे असेल तो म्हणायचा, स्कोअर धरा.

त्याच कॅफेत दोन मॉनिटरच्या मध्ये पुठ्ठा लावलेला असायचा, टीव्हीच्या खोक्याचा कापलेला, सेलोटेपने चिकटवलेला. कारण शेजारच्याच्या स्क्रीनवर डोकावणं म्हणजे चीटिंग, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पुढचा सगळा घोळ या पुठ्ठ्याचाच आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त फोरजी आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं आणि कॅफे ओस पडले. नाशिकच्या सिडकोतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून पोरं मराठीत स्ट्रीम करायला लागली. स्ट्रीम करणं म्हणजे तो पुठ्ठा स्वतःच्या हाताने काढून टाकणं. शंभर जणांच्या लॉबीत, म्हणजे एका सामन्यासाठी जमलेल्या घोळक्यात, एकाची स्क्रीन सगळ्यांना दिसते, बाकी नव्व्याण्णव अंधारात.

इथे 'स्ट्रीम स्नायपिंग' हा शब्द येतो, आणि तो जितका वापरला जातो तितका कुणी नीट वापरत नाही. मूळ अर्थ सोपा : समोरच्याचा स्ट्रीम दुसऱ्या फोनवर लावायचा, तो कुठल्या घरात लपलाय ते बघायचं आणि जाऊन मारायचं. पण बोलताना तीन गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या जातात. कुणी नुसता स्ट्रीमरच्याच लॉबीत यावं म्हणून त्याच्याबरोबर स्टार्ट दाबतो. रात्री दोन-अडीचला खेळणारे कमी असतात, त्यामुळे हे जमतंही. आत गेल्यावर तो स्ट्रीम बघत नाही. हा स्नायपर का? कुणी आवाजावरून ओळखून मागे लागतो. आणि कुणी काहीच करत नाही, नुसतं चांगलं खेळतो, तरी चॅट ओरडतं, 'स्नायपर, स्नायपर'.

पीसीवरच्या पबजीत २०१७ मध्ये याच आरोपावरून एका खेळाडूला तात्पुरतं बाहेर बसवलं आणि जगभर गदारोळ झाला. नियम होता, तो मोडला असं कंपनीचं म्हणणं. पण सर्व्हरच्या नोंदीत कोण कोणत्या लॉबीत कितीदा आला तेवढं दिसतं. त्याच्या टेबलावर दुसरा फोन होता का, ते दिसत नाही. म्हणजे शिक्षा डोकावण्याची आणि पुरावा नुसत्या हजेरीचा. माझं मत लपवत नाही : मोठ्या स्ट्रीमरची मर्जी राखायला दिलेली ही शिक्षा वाटते. दुसरी बाजूही आहे, खेळणं हेच ज्याचं पोट आहे त्याला रोज दहा जण शोधून मारायला लागले तर त्याने करायचं काय?

उपाय एकच निघाला, डिले. स्पर्धांचं प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा दाखवतात, तिथे भागतं. पण सातपूरचा चाळीस प्रेक्षकांचा स्ट्रीमर दहा मिनिटांचा डिले लावतो, तेव्हा 'दादा, जेवला का?' याला उत्तर मिळेपर्यंत विचारणारा झोपलेला असतो. गप्पा गेल्या की स्ट्रीम गेला. म्हणून छोटे लोक नकाशा झाकतात आणि नशिबावर सोडतात.

मधल्या काळात खेळच दोनदा गायब झाला. २ सप्टेंबर २०२० ला ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली, त्यात पबजीही होतं. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावाने तो परतला, २८ जुलै २०२२ ला स्टोअरमधून पुन्हा उतरवला गेला, आणि मे २०२३ च्या अखेरीस तीन महिन्यांच्या परीक्षेवर आला, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा, अशा अटीसह. या येण्याजाण्यात कस्टम रूमचं, म्हणजे कुणीतरी स्वतः उघडलेल्या खासगी सामन्याचं, प्रस्थ वाढलं. आयडी-पासवर्ड स्क्रीनवर टाकला की काही सेकंदांत जागा भरतात, आणि इथे एकाच लॉबीत येणं हा गुन्हाच उरत नाही, कारण बोलावलेलंच असतं. डेव्ह येतात तेही अशाच रूममध्ये. फक्त खेळणाऱ्यांशिवाय प्रेक्षकाचीही जागा असते, तिथे बसणाऱ्याला सगळे दिसतात. डेव्हच्या ऑफिसातलं कुणी तिथे बसलं असेल तर? नुरा कुस्तीची शंका नेमकी इथून निघते. बसलं होतं असं सिद्ध करणारा मला अजून भेटलेला नाही, पण त्या खुर्चीवर कोण आहे हे रूम सुरू होण्याआधी जाहीर करायला कुणाचं काय जातं?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता देणारा केंद्राचा कायदा झाला. पन्नास रुपये एन्ट्री घेऊन रूम चालवणारे तेव्हापासून जपून शब्द वापरतात, 'एन्ट्री' जाऊन 'नोंदणी शुल्क' आलं. पोस्टरवर त्याच्याखाली आता आणखी एक ओळ असते : 'डिले कंपल्सरी, दुसरा फोन दिसला तर किक.' तो फोन दिसणार कसा, हे पोस्टरवर नसतं.