तुकडा तपासायला पाठवलाय!

परळच्या कुठल्याही ओपीडीबाहेर ‘पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढायचाय’ असं कानावर पडलं की पाठोपाठ प्रश्न येतोच : ‘म्हणजे कॅन्सरच ना?’ बहुतेक वेळा नाही. उलट तो होण्याआधीच गाठायचा, यासाठी तर गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा हा खटाटोप.

गर्भाशयमुखाच्या जवळपास प्रत्येक कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. सुमारे ७० टक्के रुग्णांमागे त्याचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात. लागण झालेल्या बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावतं. काहींच्यात तो ठाण मांडतो, पेशी बिघडू लागतात, पण तिथून कॅन्सरपर्यंत जायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. डॉक्टरांच्या हाताशी असतो तो हाच वेळ.

तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून ठरतं. १९२५ साली हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरांनी ती पहिल्यांदा वापरली. गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावतात. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात. लिंबाने दूध फाटावं तशी ती साकळतात आणि मिनिटभरात तेवढाच भाग पांढरा दिसू लागतो. फरक एवढाच की हा पांढरेपणा थोड्या वेळाने जातो. मग चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात. ओटीपोटात कळ येते, पण भूल सहसा लागत नाही. रक्त थांबवायला लोहाचं एक द्रावण लावतात, त्यामुळे दोन-चार दिवस काळपट, दाणेदार असं अंगावरून जातं. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बायका घाबरून जातात.

प्रयोगशाळेत तुकडा मेणात बसवून त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप घेतात, रंगवतात. आवरणाच्या तळापासून बिघडलेल्या पेशी किती वर चढल्यात, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात. यावरून कॅन्सरआधीच्या बिघाडाची, म्हणजे ‘सीआयएन’ची, पायरी ठरते : खालच्या एक तृतीयांशात असतील तर सीआयएन १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याहून वर ३. तळाचा पडदा ओलांडला असेल तरच कॅन्सर. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती निराधार आहे.

सीआयएन १ बहुधा आपोआप विरतो, त्यावर लक्ष ठेवलं की झालं. २ आणि ३ ला सहसा उपचार लागतो. दुर्बिणीतून बिघडलेला डाग पूर्ण दिसत असेल आणि कॅन्सरचा संशय नसेल तर तो गोठवून किंवा उष्णतेने जाळता येतो. नाहीतर ‘लीप’ : विजेच्या तारेच्या फासाने तो भाग कापून काढतात, जागेवरच भूल देऊन. हा उपचारही आणि तपासणीही, कारण कापलेला भाग परत प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्या कडा स्वच्छ आहेत का ते कळतं. डाग गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत शिरला असेल तर शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा, म्हणजे कोन बायोप्सी. खोल कापल्यास पुढच्या बाळंतपणात मुदतीआधी प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून मूल हवं असेल तर ते आधीच सांगावं.

सीआयएनचा रिपोर्ट पाहून थेट ‘पिशवीच काढून टाका’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. पहिला उपचार म्हणून त्याची सहसा गरज नसते. शिवाय आत कॅन्सर दडलेला असेल तर साध्या ऑपरेशनने काम अर्धवट राहण्याची भीती.

व्हिनेगरची ही चाचणी, दुर्बिणीविना नुसत्या डोळ्यांनी पाहून, मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत पारखली गेली. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या आणि संशयित बायकांना टाटात कॉल्पोस्कोपीला पाठवायच्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. पहिल्या लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा.