लेर्माचा ड्यूक

लेर्माचा ड्यूक : (१५५३–१७ मे १६२५). स्पेनचा राजा तिसरा फिलिप याचा मर्जीतला सरदार आणि वीस वर्षे राज्याचा खरा कारभारी. मूळ नाव फ्रान्सिस्को गोमेझ दे सान्दोव्हाल. घराणे जुने, पण कर्जबाजारी. १५९८ मध्ये फिलिप गादीवर येताच त्याचे नशीब पालटले. पुढच्याच वर्षी तो ड्यूक झाला.

राजाच्या खासगी दालनांचे आणि पागेचे, अशी दोन्ही प्रमुखपदे त्याने स्वतःकडे घेतली. राजा महालात असो वा शिकारीला निघालेला असो, त्याच्यापर्यंत पोचायचे तर लेर्मामार्फतच. त्याच्या सत्तेचे मर्म इथेच आहे. १६१२ मध्ये तर लेर्माचा हुकूम राजाचाच समजावा, असे फर्मान निघाले. नातलगांची सोय त्याने सढळ हाताने लावली. जावई लेमोस नेपल्सचा व्हाइसरॉय झाला. १६०१ मध्ये राजधानी माद्रिदहून वायादोलिदला हलवताना त्याने तिथे आधीच मालमत्ता घेऊन ठेवली होती, आणि तिथला आपला वाडा त्याने खुद्द राजालाच विकला. १६०६ मध्ये दरबार पुन्हा माद्रिदला गेला.

परराष्ट्र व्यवहारात त्याचा कल तहाकडे होता. १६०४ मध्ये इंग्लंडशी तह झाला, तर १६०९ मध्ये डचांशी बारा वर्षांची युद्धबंदी. पण त्याच १६०९ मध्ये मोरिस्कोंची, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुस्लिमांच्या वंशजांची, हकालपट्टी सुरू झाली. १६१४ पर्यंत सुमारे ३ लाख माणसे देशोधडीला लागली आणि व्हॅलेन्सियातील गावेच्या गावे ओस पडली. लेर्माच्या लाचखोरीची चर्चा फार होते. त्याच्या कारकिर्दीवरचा सर्वांत काळा डाग मात्र ही हकालपट्टीच मानली पाहिजे.

अखेर पोटचा मुलगा उसेदाचा ड्यूक आणि राजाचा धर्मगुरू आलियागा हेच त्याच्यावर उलटले. वारे फिरल्याचे ओळखून त्याने रोमकडून कार्डिनलपद, म्हणजे कॅथलिक चर्चमधील लाल वस्त्रांचे उच्च धर्मपद, मिळवले (मार्च १६१८). कार्डिनलला फासावर चढवणे सोपे नव्हते. ‘फाशी चुकवायला स्पेनचा महाचोर लाल वस्त्रे ल्याला’ अशा अर्थाचे कवन लोकांच्या तोंडी झाले. ऑक्टोबर १६१८ मध्ये त्याला दरबार सोडावा लागला. चौथ्या फिलिपच्या राज्यात त्याच्याकडून मोठ्या रकमा वसूल करण्यात आल्या, पण जीव वाचला. त्याचा उजवा हात रोद्रिगो काल्देरोन याला असे कवच नव्हते; ऑक्टोबर १६२१ मध्ये माद्रिदच्या भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला. लेर्मा वायादोलिद येथे मरण पावला.