गप्पी मासे (डास नियंत्रण)

डासांच्या अळ्या खाणारा गोड्या पाण्यातील लहान मासा (पोसिलिया रेटिक्युलाटा). मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदाद व लगतच्या प्रदेशातील. नर सु. ३ सेंमी., मादी सु. ६ सेंमी.पर्यंत. मादी अंडी न घालता पिले देते. त्यामुळे एका विहिरीत वाढलेले मासे दुसरीकडे नेऊन सोडणे सोपे जाते. पूर्ण वाढलेला मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो, असे हिवताप विभागाच्या मार्गदर्शिकांत नमूद असते.

भारतात तो केव्हा आला याविषयी एकमत नाही. बहुतेक सूचींत १९१० हे साल आढळते, काही लेखक १९०८ मानतात. शोभेचा मासा म्हणून हौशी मंडळींनीही तो स्वतंत्रपणे आणला असण्याची शक्यता आहे; तेव्हा एकाच सालाचा आग्रह धरण्यापेक्षा विसाव्या शतकाचे पहिले दशक वा त्याचा शेवट इतकेच म्हणणे सयुक्तिक वाटते. याच कामाचा गॅम्बुझिया मासा १९२८ च्या सुमारास इटलीतून आणला गेला, हे मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे. गॅम्बुझिया अधिक खादाड, पण आक्रमक. दूषित पाण्यात टिकण्याचा गुण गप्पीत जास्त. १९७१-७२ पासूनच्या नागरी हिवताप योजनेत अळीनाशक उपायांवर भर राहिला. त्यांपैकी जैविक उपायांत दोन्ही मासे मोडतात.

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ बुजली, रंकाळा व कोटितीर्थ राहिले. पण शहरातील डेंगीचा प्रश्न तळ्यांशी फारसा जोडलेला नाही. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो : बॅरल, सिमेंटचा हौद, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, पंक्चरच्या दुकानासमोरचे टायर. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून प्रत्येक घरात साठवण असतेच. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. त्यामुळे हौद नुसता उपसून भागत नाही, कडा काथ्याने घासाव्या लागतात. आठवड्यातून एकदा पाळायचा ‘कोरडा दिवस’ (साठवणीची भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस) याच हिशेबाने ठरलेला आहे, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. पिण्याच्या बॅरलात मासा सोडायला घरची मंडळी सहसा तयार नसतात. तिथे झाकण व घासणे हेच खरे. न उपसता येणारा मोठा हौद, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरचे टाके येथे मात्र गप्पी उपयोगी. अशाच विहिरी व टाक्यांत शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीस स्टिफेन्सी आढळतो.

पंचगंगेचा पूर ओसरल्यावर (२०१९, २०२१) सखल भागात डबकी राहतात. ती थोड्या दिवसांची असल्याने तेथे मासे सोडण्यात अर्थ नसतो. पाण्याला वाट काढून देणे वा अळीनाशक टाकणे श्रेयस्कर. धूर फवारणी लोकांना दिसते म्हणून मागणी तिचीच अधिक, पण तिने उडते डास मरतात, अळ्या नव्हे.

गप्पी हा परका मासा असून इतर माशांची अंडी-पिलेही खातो. नाला, ओढा किंवा नदीला जोडलेल्या पाण्यात तो सोडू नये, हे मत अलीकडे बळावत आहे.