वायुशोषणावर विखुरलेल्या थेंबांचा परिणाम : गणिती प्रतिमाने

पाण्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असले, तर वायू पाण्यात शोषला जाण्याचा वेग बदलतो. हा बदल किती होईल हे आधीच सांगता यावे यासाठी मांडलेल्या गणिताला या विषयात प्रतिमान म्हणतात. प्रश्न मुळात किण्वनाच्या टाकीतला आहे. सूक्ष्मजीवांना प्राणवायू सतत लागतो, पण २५° से. तापमानाला हवेच्या सान्निध्यातले पाणी लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. परफ्लुओरोकार्बन वर्गातले द्रव समान आयतनात पाण्याच्या दहा-पंधरा पट किंवा त्याहूनही अधिक प्राणवायू विरघळवतात. हेक्साडेकेनसारखे हायड्रोकार्बनही पाण्याच्या कितीतरी पुढे आहेत. दुसऱ्या द्रवात पाण्याच्या किती पट वायू मावतो, या गुणोत्तराला वितरण गुणांक म्हणतात.

बुडबुड्यातून निघालेल्या प्राणवायूला पाण्याच्या पृष्ठालगतचा पातळ थर ओलांडावा लागतो, आणि खरी अडवणूक तिथेच होते. नेहमीचे आकडे घेतले, म्हणजे विसरणांक (वायू पाण्यात किती वेगाने पसरतो ते मोजणारा आकडा) सेकंदाला २×१०⁻⁹ चौ. मी. आणि संक्रमण गुणांक (वायू पृष्ठातून पाण्यात शिरण्याचा वेग) सेकंदाला १०⁻⁴ मी., तर थराची जाडी २० मायक्रोमीटर निघते. तेलाचा थेंब तीन मायक्रोमीटरचा असेल तर तो या थरात सहज मावतो. तिथे तो वायू भरून घेतो, ढवळण्यामुळे पृष्ठभागाचे पाणी आत ओढले गेले की त्याच्याबरोबर आत जातो आणि आतल्या वायू कमी असलेल्या पाण्यात आपला भार उतरवतो. फलाट आणि बाहेरचा रस्ता यांच्यामध्ये हमालाने खेपा घालाव्यात, तसेच हे चालते. शंभर मायक्रोमीटरचा थेंब मात्र थरात शिरूच शकत नाही. त्याच्या पोटात कितीही जागा असली तरी पृष्ठाशी चाललेल्या वाहतुकीत तिचा उपयोग होत नाही.

इथे जुना आणि सोपा पटल-सिद्धांत (व्हिटमन, १९२३) अपुरा पडतो, आणि का पडतो हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्या सिद्धांतात थर कायम तोच असतो आणि सारे स्थिर अवस्थेत चालते. अशा थरात अडकलेला थेंब एकदा तृप्त झाला की पुढे काहीच घेणार नाही, आणि त्याच्या जास्त धारणक्षमतेचा हिशेबात फायदा दिसणार नाही. प्रयोगात मात्र वाढ दिसते. म्हणून प्रतिमाने हिग्बी (१९३५) आणि डँकव्हर्ट्स (१९५१) यांच्या कल्पनांवर उभी राहिली : द्रवाचा भाग पृष्ठाशी येतो, थोडा वेळ वायू शोषतो आणि आत जातो. वरच्या आकड्यांनुसार हा थोडा वेळ सुमारे पाव सेकंदाचा.

सर्वांत साधे प्रतिमान पायसाला, म्हणजे पाणी आणि त्यात विखुरलेले थेंब यांच्या मिश्रणाला, एकजिनसी द्रव मानते. ते ब्रुइनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. थेंब आणि भोवतालचे पाणी यांच्यात समतोल क्षणार्धात होतो असे गृहीत धरले, की शोषण किती पट वाढते ते सांगणारा वृद्धिगुणक असा येतो :

वृद्धिगुणक = √[१ + थेंबांचा आयतनी अंश × (वितरण गुणांक − १)]

थेंब १० टक्के आणि वितरण गुणांक १५ असेल तर उत्तर १.५५ येते, म्हणजे शोषण दीडपटीहून थोडे जास्त. वर्गमुळामुळे तेल दुप्पट केले तरी लाभ दुप्पट होत नाही. समतोलाचे गृहीतक कुठवर टिकते हेही पाहता येते. याच उदाहरणातला ३ मायक्रोमीटरचा थेंब भरायला पाच-सहा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे पाव सेकंदात त्याला भरपूर सवड मिळते. ३० मायक्रोमीटरच्या थेंबाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागेल, म्हणून त्याच्यासाठी हे सूत्र वापरू नये.

विषमजिनसी प्रतिमाने थेंब वेगवेगळे मोजतात. आधी पट्ट्यांसारखे एका मितीत, नंतर गोल थेंब त्रिमितीत, असा हा प्रवास झाला. त्यांतून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पृष्ठाच्या सर्वांत जवळ असलेला थेंब नेमका किती अंतरावर आहे, यावर निकाल फार अवलंबून असतो. दूरच्या थेंबांचा प्रभाव झपाट्याने घटतो. सरासरी आयतनी अंशात हे अंतर दिसत नाही, आणि एकजिनसी सूत्राची खरी उणीव तीच आहे.

या विषयाशी मुंबईचे नाते जवळचे आहे. केंब्रिजमध्ये डँकव्हर्ट्स यांच्याबरोबर काम केलेले प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (आताची आयसीटी ही संस्था), परतले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी आणि अनुराग मेहरा यांनी रासायनिक अभिक्रियेसह होणाऱ्या शोषणावर पायसातील थेंबांचा परिणाम अभ्यासला. अभिक्रिया आली की गणित अवघड होते, कारण वायू थरातच खर्च होऊ लागतो आणि थेंब त्याचा साठा ठरतो.

प्रयोगाशी पडताळा घेताना एक अडचण हमखास येते. तेलामुळे पृष्ठताण बदलतो, बुडबुडे फुटतात किंवा एकत्र येतात आणि संपर्क-क्षेत्रफळ बदलते. काही तेले पृष्ठावर पसरतात, काही पसरत नाहीत. त्यामुळे बुडबुड्यांच्या टाकीत मोजलेली वाढ थेंबांच्या ने-आणीची की क्षेत्रफळाची, हे सांगता येत नाही. म्हणून प्रतिमान तपासायला सपाट पृष्ठाचे ढवळपात्र घेतात. त्यात क्षेत्रफळ माहीत असते आणि पृष्ठ न फुटेल इतपतच ढवळता येते.