‘द्वितीय श्रेणी’ म्हणजे कितवी पायरी? मिरजेच्या आमच्या क्लबच्या घसरणीमागची गोष्ट

आमचा फुटबॉल क्लब यंदाही जिल्ह्याच्या द्वितीय श्रेणीत तळाला राहिला. हरल्यावर चहाच्या गाड्यावर जी बोलणी होतात ती ठरलेली असतात. पोरांच्यात दम राहिला नाही, मोबाइलनं वाटोळं केलं, कोल्हापूरची पोरं बघा. तीस वर्षं मी या क्लबच्या मॅच बघतोय, त्यातली बरीचशी पाण्याची बादली घेऊन लाइनवर उभा राहून. पोरांचा काहीच दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण दोष पोरांपासून सुरू होत नाही. तो कुठून सुरू होतो हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नाही. मिरज हे तीन गेजचं जंक्शन होतं, एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकाच स्टेशनात यायच्या, त्यामुळं हुबळी, लोंढा, पुणे, पंढरपूर अशा चारी बाजूंनी बदलीवर माणसं यायची. ड्युटी सुटली की खाकी पँट दुमडून तीच माणसं मैदानात उतरायची, असं आमच्या घरात दोन पिढ्या सांगत आल्यात. सांगलीनं भारताला कसोटी क्रिकेटचा कर्णधार दिला, कुस्ती आणि बुद्धिबळही तिचंच. फुटबॉल मात्र मिरजेचा, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पुढं मीटरगेज गेली, रेल्वेच्या चाळी ओसरल्या, आणि बाहेरून येणारा तयार खेळाडू यायचा थांबला. क्लबची पहिली गळती तिथली.

कोल्हापूर आमच्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथं टीम म्हणजे पेठ असते आणि जर्सीवर तालमीचं नाव असतं. मोठ्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, हरलेल्या पेठेत त्या रात्री कुणाला नीट जेवण जात नाही. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात आपल्या संघातला एक पोरगा कोल्हापूरचा होता. आमची चांगली पोरं हंगामात तिकडं जातात. मानधन मिळतं, बघायला लोक येतात, जाणारच. मी कधी कुणाला अडवलं नाही.

आता मुद्द्याच्या शब्दाकडं येतो, कारण सगळा गुंता त्यात आहे. आमच्या लेटरहेडवर ठळक अक्षरांत ‘द्वितीय श्रेणी’ छापलेलं आहे.

देशात पहिली राष्ट्रीय लीग १९९६ ला सुरू झाली आणि लगेच पुढच्या हंगामात तिला दुसरा विभाग जोडला गेला. तेव्हा हिशेब सरळ होता, दुसरा म्हणजे दुसरा. २००७ ला तिची जागा आय-लीगनं घेतली, २००८ पासून तिचाही द्वितीय विभाग सुरू झाला. तरी हिशेब तोच. २०१४ ला इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली. शहरांच्या, राज्यांच्या नावांचे संघ, दोन-अडीच महिन्यांचा खेळ, कुणी वर जाणार नाही आणि कुणी खाली येणार नाही. ती शिडीत नव्हतीच, शिडीशेजारी उभी होती. २०१७–१८ पासून आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी चालू लागल्या, आणि देशात पहिली लीग कोणती, यावर दोन वर्षं नुसता वाद झाला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई फुटबॉल संघटनेनं आराखडा मान्य केला. आयएसएल पहिली, आय-लीग दुसरी.

एका कागदानं अख्खी शिडी एक पायरी खाली सरकली. काल द्वितीय विभागात खेळणारा क्लब आज तिसऱ्या पायरीवर गेला, एकही मॅच न हरता. २०२३ ला त्या विभागाचं नाव ‘आय-लीग २’ झालं. आकडा दोनचा, पायरी तिसरी. तिच्याखाली ‘आय-लीग ३’ सुरू केली, ती चौथी. तिच्याखाली राज्याची लीग, मग जिल्ह्याची प्रथम श्रेणी, आणि मग आम्ही. बोटांवर मोजलं तर आमची द्वितीय श्रेणी देशातली सातवी पायरी होते.

हे मला नीट उमगलं ते सांगलीच्या मार्केट यार्डात, एका हळदीच्या अडत दुकानात. जर्सीला प्रायोजक शोधायला आम्ही तिघं गेलो होतो. शेठ गादीवर बसले होते. समोरच्या वहीच्या कडा हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या, आणि आमच्या लेटरहेडवर त्यांनी बोट ठेवलं तिथंही पिवळा ठसा उमटला. त्यांनी विचारलं, “दुसरी श्रेणी? म्हणजे वर एकच की. मग तुम्ही टीव्हीवर का दिसत नाही?” मी त्यांच्याच पावतीच्या मागं सात रेघा एकाखाली एक ओढल्या आणि प्रत्येकीपुढं नाव लिहिलं. त्यांनी वरून खाली शांतपणे वाचलं. म्हणाले, “पोरं खेळवताय त्याचे पैसे देतो. दुसरीचे देत नाही.” मोज्यांचे आणि सहा बॉलचे पैसे त्यांनी तिथंच मोजून दिले. जर्सी राहिली.

परत आल्यावर मी क्लबच्या बैठकीत म्हटलं, हा शब्द काढा. निदान ‘जिल्हा’ हा शब्द त्याच्याइतकाच मोठा छापा. समितीतल्या ज्येष्ठांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की श्रेणी जिल्ह्याची आहे, जिल्ह्यात ती दुसरीच आहे, वरच्यांनी आपल्या लीगची नावं कितीही वेळा बदलली तरी आपण का बदलायचं? ऐकायला बरोबर वाटतं, आणि शब्दशः ते खोटंही नाही. पण ज्या शब्दानं पोराला वाटतं की वर एकच पायरी उरली, आणि प्रत्यक्षात सहा असतात, तो शब्द पोराची फसवणूक करतो. सोळा वर्षांच्या पोरानं किती चढायचं आहे हे त्याला खरं सांगितलं पाहिजे. मग तो चढेल किंवा नाही चढणार, पण डोळे उघडे ठेवून ठरवेल. बैठकीत माझ्या बाजूनं दोनच हात वर झाले. लेटरहेड तसंच आहे.

शिडीच्या दुसऱ्या टोकाचा निर्णय याहून वादाचा. २०१९ च्या आराखड्यात असं होतं की २०२२–२३ पासून आय-लीगचा विजेता वर जाईल, आणि २०२४–२५ पासून वरचा तळाचा संघ खालीही येईल. पहिला अर्धा भाग झाला. आधी पंजाबचा क्लब वर गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा एक जुना क्लब. दुसरा अर्धा राहिला. २०२४–२५ च्या हंगामात वरून कुणी खाली आलं नाही. त्याच हंगामात आय-लीग कुणी जिंकली हे मैदानात ठरलंच नाही. खेळाडूच्या पात्रतेचा वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि विजेता २०२५ च्या जुलैत कळला. त्याच महिन्यात आयएसएलचा पुढचा हंगाम लांबणीवर टाकल्याची बातमी आली, कारण लीग चालवण्याच्या १५ वर्षांच्या कराराची मुदत संपत आली होती आणि नवा करार झाला नव्हता.

खाली न उतरवण्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला थोडी हमी नको का? ही अडचण मला कळते. मीही सहा बॉलसाठी गादीपुढं बसलेला माणूस आहे. पण खाली यायची भीती ज्याला नाही, त्याला खालून वर येणाऱ्याची गरजही वाटत नाही. मग वरच्या क्लबचा माणूस मिरजेच्या मैदानावर पोरगा बघायला कशाला येईल?

एके काळी येत होता. निदान आम्ही तरी त्यांच्याकडं जात होतो. पुण्यातला एक क्लब २०१२–१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला. त्या काळात आम्ही आठ-दहा जण कोयना एक्स्प्रेसनं बालेवाडीच्या स्टेडियमला जायचो आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत. पहाटे मिरजेला उतरायचं आणि तसंच कामाला जायचं. आमचा एक हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, तेव्हा सोळा वर्षांचा होता, दोन्ही पायांनी खेळायचा. बालेवाडीत मॅच संपल्यावर जाळीला धरून उभा राहायचा, हलायचा नाही. तिथं चाचणी द्यायची एवढंच त्याच्या डोक्यात. २०१५ मध्ये त्या क्लबचा मोठ्यांचा संघ बंद झाला. मुंबईचा एक क्लब २०१७ ला आय-लीगमधून उतरला आणि बंद पडला. पुण्याच्या नावाचा आयएसएलचा संघ २०१९ मध्ये हैदराबादला गेला. वरच्या लीगमध्ये अख्ख्या राज्याचा आता मुंबईचा एकच संघ. आमचा हाफ कुपवाड एमआयडीसीत आहे. दुसरी पाळी नसली तर खेळतो.

आणि मग पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. आमची चार पोरं नदीकाठच्या सांगलवाडीची, आणि क्लबची ट्रंक त्यांच्यातल्याच एकाच्या घरी असायची. पाणी ओसरल्यावर ती उघडली. बुटांत बोटभर गाळ बसला होता, जर्सींचे नंबर सुटून एकमेकांना चिकटले होते. नोंदणीचे जुने कागद आम्ही दोरीवर वाळवायला टाकले, पण शाई गेली होती, कोण कोणत्या सालचा हे वाचता येईना. वर्ष सरायच्या आत करोना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. त्यानंतर जो पहिला पूर्ण हंगाम झाला त्यातच आम्ही प्रथम श्रेणीतून खाली आलो. पोरांच्यात दम नाही म्हणणाऱ्यांनी ती ट्रंक बघायला हवी होती.

२०१७ ला विश्वचषकाच्या आधी राज्यभर शाळांतून १० लाख मुलांना फुटबॉल खेळवायची मोहीम झाली होती. १५ सप्टेंबरचा दिवस, आमच्याकडंही प्रत्येक मैदानावर पोरं. तो दिवस मी विसरणार नाही. एवढे बॉल एका वेळी उडताना मी कधी पाहिले नव्हते. पण बॉल वर्ष-दीड वर्षात झिजतो. त्या पोरांना दर रविवारी बोलवून घेणारा एक माणूस आणि त्याच्या रिक्षाचं भाडं, एवढ्याची तजवीज कुणी केली नाही. आम्हीही केली नाही, हे मान्य करायला हवं. तेव्हा पाचवीत असलेली पोरं आज आमच्या सीनिअर संघाच्या वयाची असती.

म्हणून यंदा आम्ही काही जणांनी वर्गणी काढून चौदा वर्षांखालील संघ सुरू केलाय. रविवारी सकाळी सातला, अर्ध्या मैदानावर, कारण उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉलचं क्रिकेट असतं. तीस-बत्तीस पोरं येतात, त्यांत सहा मुली. पहिल्याच दिवशी मी त्यांना पावतीवरच्या सात रेघा फळ्यावर काढून दाखवल्या. एकीनं विचारलं, मुलींच्या किती? त्या मोजून सांगायचं मी कबूल केलंय.

सीनिअर संघाची नव्या हंगामाची यादी जवळपास तयार आहे. चौदा नावं झालीत, त्यांत गोली एकच, आणि तो यंदा बारावीला आहे.